कडजाईचा धूर

“हत्ती रात्री गुहेत शिरतात,” पप्पा म्हणाले. “सुळ्यांनी भिंत खरवडतात आणि तिच्यातलं मीठ खातात. अख्खा कळप. पिल्लंसुद्धा.”

“अंधारात?” मी विचारलं.

“मिट्ट अंधारात. सोंडेनं चाचपत जातात. आपण दिवसा जायचं, टॉर्च घेऊन. वर छताला वटवाघळं असतात, उजेड पडला की ती एकदम...”

आईनं माझा हात घट्ट धरला. “पुरे आता. स्वरा घाबरते.”

मोबाईलमध्ये पप्पा गप्प झाले. मला खरंच भीती वाटली होती.

तेव्हा मी सातवीत होते. आता दहावीत आहे आणि स्नेहसंमेलनात एकदा माईक हातात आला की तो सोडवून घ्यायला बाईंना स्टेजवर यावं लागतं, त्यामुळे नवीन मैत्रिणींना हे खरं वाटत नाही. पण तेव्हाची स्वरांजली चौगुले जिन्यातला बल्ब गेला तर गच्चीवर जात नव्हती. सगळ्या भावकीला ते माहीत होतं. लग्नात कुणी आत्या भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, “काय गं, अजून घाबरतीस का?”

पप्पा केनियात एका साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होते. आमच्याकडची साखरेतली बरीच माणसं अशी आफ्रिकेत जातात. वर्षाआड येतात, येताना कॉफी आणि लाकडी जिराफ आणतात. पप्पांना मात्र तीन वर्षांत एकदाही येता आलं नव्हतं. एकदा हंगाम लांबला, एकदा रजाच मिळाली नाही. आदल्या उन्हाळ्यात आम्हीच जायचं ठरलं होतं, तर ते मोडलं. का मोडलं, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. पोरगी घाबरली.

या वेळी पप्पांनी सगळा बेत बसवला होता. विमानतळावर उतरायचं, गाडीत बसायचं आणि थेट माउंट एल्गॉन नॅशनल पार्क. आधी गुहा, मग वरचं जंगल, मग जमेल तेवढा डोंगर. घरी जायचं ते नंतर. त्यांनी वाटेत जेवायला कुठं थांबायचं तेसुद्धा ठरवलं होतं.

“रविवारी नक्की सांगा,” ते म्हणाले. “त्यानंतर तिकिटं परवडायची नाहीत. आणि स्वरा, बाळा, तुला नको वाटत असेल तर तसं सांग. मी रागावणार नाही.”

हे त्यांनी इतक्या प्रेमानं सांगितलं की मला रडूच आलं. मला जायचं होतं. पण ऐनवेळी आपण घाबरणार आणि आपल्यामुळं पप्पांची भेट पुन्हा राहणार, याची मला हत्तींपेक्षा जास्त भीती वाटत होती.

त्यावर उपाय काढला दिनूमामानं. दिनूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याची एक जुनी जीप आहे आणि प्रत्येक गोष्टीवर एक मत आहे.

“आक्का, कशाला एवढं डोकं लावतीस?” तो म्हणाला. “परदेशी जायच्या आधी कडजाईला धूप घालायचा हाय का नाही? मग हिलाबी घेऊन जाऊ वर. गुहेत बसवू दहा मिनिटं. सराव हुईल. तिथं टिकली तर तिकडंबी टिकंल.”

“तिथं हत्ती नसतात,” मी म्हणाले.

“मी असतोय की,” मामा म्हणाला.

कडजाई ही आईच्या माहेरची देवी. गावामागच्या डोंगराला उभा काळा कडा आहे, त्याच्या पोटात गुहा, गुहेत देवी. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यानं तिला धूप घालायचा असतो, आणि तिच्याकडं मागायची रीत सगळ्या जगाहून वेगळी आहे. निखाऱ्यावर ऊद टाकायचा, इतका की धुरात देवीचा चेहरा दिसेनासा झाला पाहिजे. चेहरा झाकला की मनातलं मागायचं. देवीच्या तोंडावर मागायचं नसतं. मग धूर विरून पुन्हा डोळे दिसेपर्यंत हलायचं नाही.

गावातली माणसं हा धूप नवरात्रात घालतात. आम्ही एप्रिलमध्ये गेलो. हा फरक आमच्या तिघांपैकी कुणाच्याच डोक्यात आला नाही. आई आणि मामा त्या गावात वाढलेले, पण दोघांनीही देवी पाहिली ती नवरात्रातच, कडा मोकळा असताना.

शनिवारी सकाळची शाळा करून मी आले आणि आम्ही निघालो. आईनं ओटीसाठी हिरवी साडी, खण, नारळ घेतला. मामानं लोखंडी घमेलं, कोळसा आणि उदाची पुडी घेतली. पायथ्याला जीप लावली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. वाटेवर चिटपाखरू नव्हतं.

कड्याखाली आल्यावर मी वर बघितलं. गुहेच्या तोंडाच्या वर, कड्याच्या बाहेर आलेल्या कपारीला, काळी काळी परातीएवढी काहीतरी लोंबत होती. सात-आठ तरी. त्यांच्यावरून सारखी एक लाट गेल्यासारखी चमक फिरत होती.

“मामा, ते काय?”

मामानं वर बघितलं आणि आवाज खाली आणला. “आग्यामव्हाळ. काही करत नाहीत. आपण आपलं बघायचं, त्यांनी त्यांचं. खाली मान घालून चल.”

“दिनू, परत जाऊया का?” आई म्हणाली. “स्वरा घाबरते.”

मी म्हणाले, “नाही.” माझा आवाज चिरका निघाला, पण निघाला.

गुहा आत शिरल्यावर खोलीएवढी आहे. समोर शेंदूर लावलेली देवी, डोळे चांदीचे. देवीच्या मागं जमिनीलगत एक भोक आहे, गुडघ्यावर रांगत जावं लागेल एवढं. आत पाण्याचं टाकं आहे म्हणतात. गावातली पोरं त्यात शिरून पैजा लावतात. मी त्याच्याकडं पाठसुद्धा करून बसले नाही. त्यातून मुतारीसारखा, वटवाघळांचा वास येत होता.

आईनं ओटी भरली, साडी देवीच्या खांद्यावर घातली. मामानं घमेल्यात कोळसे फुलवले आणि पुडीतला सगळा ऊद एकदम ओतला.

“एवढा कशाला?” आई म्हणाली.

“समुद्र ओलांडायचाय. थोडक्यात कसं भागंल?”

पांढरा धूर उठला. आधी देवीचे पाय गेले, मग हात, मग तोंड. शेवटी चांदीचे डोळेही गेले. मी डोळे मिटून मागितलं की मी घाबरायची बंद होऊ दे. शेजारी आईचे ओठ हलत होते. ती बराच वेळ काहीतरी मागत होती. मी डोळे उघडले तेव्हा धूर छताला लागून गुहेच्या तोंडाकडं चालला होता, आणि बाहेर जाऊन सरळ वर, कपारीकडं.

पहिल्यांदा फक्त आवाज आला. लांब कुठंतरी ट्रॅक्टर चालू व्हावा तसा. मग गुहेच्या तोंडातून दिसणारं आकाश काळपट झालं.

मामा उठला. “आक्का,” तो म्हणाला, आणि पुढं काही बोलायच्या आत त्यानं मानेवर हात मारला. मग गालावर. मग तो ओरडतच बाहेर पळाला. त्याच्या मागं तो आवाजही गेला, पण सगळा गेला नाही. आईच्या डोळ्यावर एक माशी बसली आणि आई किंचाळली. माझ्या कानामागं विस्तव ठेवल्यासारखं झालं.

धुराच्या मागं ते भोक होतं. तिथं जाण्यापेक्षा मरण बरं असं मला वाटत होतं, आणि बाहेर मरणच घोंघावत होतं. मी आईचा दंड धरून तिला खाली ओढलं.

“आत. आई, आत चल.”

“नको, नको, तिथं नको...”

मी तिला ढकललं. आईला मी त्याआधी कधीच ढकललं नव्हतं. ती रांगत शिरली, तिच्या मागं मी. माशा येतच होत्या. मी हात मागं घालून जे हाताला लागलं ते ओढलं. ती ओटीची हिरवी साडी होती. तिचा बोळा करून मी भोकात कोंबला, कडेनं बोटांनी दाबून दाबून बसवला.

“देवीची साडी गं,” आई अंधारात म्हणाली.

“तिला दुसरी आणू.”

मग काहीच दिसेना. डोळे उघडे आहेत की मिटलेले हे कळत नव्हतं. पायाखाली ओलं होतं. डोक्यावर काहीतरी फडफडत होतं, अगदी केसांजवळून. साडीच्या पलीकडं तो आवाज, कधी जवळ, कधी लांब. आणि त्याच्याही पलीकडून मामाची एक हाक आली, “आक्काऽऽ”, खूप खालून. त्यानंतर मामाचा आवाज आला नाही.

आम्ही वाट बघितली. तो पुन्हा ओरडेल म्हणून मी श्वाससुद्धा हळू घेत होते. आवाज आला नाही.

“फोन लाव,” आई म्हणाली. फोन तिच्या पिशवीत होता आणि पिशवी देवीसमोर होती.

आईनं माझा हात शोधला आणि दोन्ही हातांनी धरला. हात थरथरत होता, इतका की माझं कोपर भिंतीवर आपटत होतं.

“शांत हो, बाळा. मी आहे ना. किती थरथरतीस.”

“हो,” मी म्हणाले.

असे आम्ही किती वेळ बसलो कुणास ठाऊक. माझी बांगडी आईच्या पकडीत मनगटात रुतायला लागली.

“आई, हात सोड जरा. दुखतंय.”

“नको. तू थरथरतीस.”

मी हात हिसकला आणि खडकावर पालथा ठेवला. तो स्थिर होता. मला वाटलं, अंधारात नीट कळत नसेल. मी दुसरा हात ठेवला. तोही स्थिर. म्हणून मी आईचा हात चाचपला. तो मामाची जीप उभ्या उभ्या चालू असते तेव्हा तिचा गिअरचा दांडा हलतो, तसा हलत होता.

मी काही धीट झाले नव्हते. माझं तोंड कोरडं पडलं होतं आणि मला लघवीला लागली होती आणि मामा मेला असेल असं सारखं वाटत होतं. पण ती थरथर माझी नव्हती.

जत्रेतल्या पाळण्यात बसले तेव्हा आईनं माझा हात धरला होता. पिवळ्या तापाच्या लशीची चौकशी करायला गेलो होतो तेव्हा नर्सला ती म्हणाली होती, “हिला धरावं लागेल,” आणि मला धरलं होतं. पहिलीच्या वर्गाच्या दारात. आजोबांच्या आयसीयूबाहेर. प्रत्येक वेळी तो हात थरथरला होता आणि प्रत्येक वेळी मी तो माझा समजले होते.

“आई,” मी म्हणाले, “गेल्या वर्षी मी कधी म्हटलं होतं, की मला पप्पांकडं यायचं नाही?”

वर फडफड झाली.

“सांग ना.”

“म्हटलं नव्हतंस.”

“मग तू पप्पांना का सांगितलंस?”

“तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं.”

“माझ्या?”

ती मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, “स्वरा, मी धुरात वाईट मागितलं गं.”

“काय?”

“काहीतरी घडू दे म्हटलं. काहीतरी घडू दे आणि हे जाणं राहू दे.” तिला हुंदका आला. “कुणाला इजा न होता, असं म्हटलं होतं. स्पष्ट म्हटलं होतं. आणि आता दिनू...”

मला तिची कीव यायला हवी होती. पण मला राग आला, आणि तो इतका मोठा होता की त्या भोकात भीतीला जागाच उरली नाही. सगळ्या आत्या, सगळ्या काकू, शाळेतल्या बाई, सगळ्यांसमोर मी भित्री होते. पप्पांसमोरसुद्धा.

“तुला भीती वाटते तर तू सांगायचं,” मी म्हणाले. “माझं नाव का घेतेस?”

“पोराला भीती वाटते म्हटलं की कुणी काही विचारत नाही,” आई म्हणाली. “आईला वाटते म्हटलं की सगळे विचारतात, कशाची.”

“कशाची?”

तिनं पुन्हा माझा हात शोधला.

हळूहळू साडीच्या पलीकडचा आवाज विरळ झाला. मग थांबला. आई म्हणाली अजून थोडं थांबू. मग पुन्हा म्हणाली अजून थोडं. मला कळलं, की ती असंच म्हणत राहणार.

मी साडी ओढून काढली. बाहेर उजेड पिवळा झाला होता, धूर विरला होता. घमेल्याभोवती मेलेल्या माशांचा सडा पडला होता आणि देवी दोन्ही चांदीच्या डोळ्यांनी समोर बघत होती. मी रांगत बाहेर आले, साडी डोक्यावरून घेतली. गुहेच्या तोंडाशी येऊन वर बघायला मला फार जड गेलं. मोहोळं जागच्या जागी होती. चमक फिरत होती. मी आत वळून हात पुढं केला.

“चल. बोलायचं नाही. पळायचं नाही.”

आईनं हात धरला. तो थरथरत होता. या वेळी कुणीच म्हणालं नाही की तो माझा आहे.

निम्म्या वाटेवर खालून माणसं येताना दिसली, घोंगड्या पांघरलेली. मामा कसाबसा वस्तीपर्यंत पोचला होता आणि तिथं कोसळला होता. त्याला आधीच दवाखान्यात नेलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा त्याचं तोंड दुप्पट झालं होतं, डोळ्यांच्या जागी दोन फटी होत्या आणि हाताला सलाइन होतं. डॉक्टर म्हणाले, “वेळेत आला. जरा उशीर झाला असता तर अवघड होतं.” आई भिंतीला टेकून खालीच बसली.

“मी मुद्दाम पळालो,” मामा सुजलेल्या ओठांतून म्हणाला. “सगळ्या माझ्या मागं याव्यात म्हणून.”

“खरंच, मामा?”

“आता तसंच सांगायचं ठरलंय.”

रविवारी संध्याकाळी पप्पांचा फोन आला. आईचा उजवा डोळा अजून बंद होता. तिनं मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि सगळं सांगितलं. धूप, मोहोळ, मामा. मागणं सांगितलं नाही. मी शेजारी बसून तिच्याकडं बघत होते. ती माझ्याकडं बघत नव्हती.

पप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मागं त्यांच्याकडच्या पंख्याचा आवाज येत होता.

“राहू दे मग,” ते म्हणाले. “पोरीनं एवढं सोसलंय. आता पुन्हा गुहा नको, डोंगर नको. आता तर ती फारच घाबरली असेल. पुढच्या वर्षी बघू.”

झालं. तिनं मागितलेलं तिला मिळालं होतं. तिनं फक्त “हो” म्हणायचं होतं. मला मध्ये बोलायचं होतं, ओरडायचं होतं, पण मी दात आवळून बसले. माझ्या बाजूनं मी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. तिनं बोलायचं.

आईनं पदरानं बंद डोळा टिपला.

“स्वरा नाही घाबरत,” ती म्हणाली.

“अं?”

“तिनंच मला बाहेर काढलं. ती नाही घाबरत. मी घाबरते. गेल्या वर्षीही मीच.”

पप्पा थोडे हसले, कसं बोलावं ते न कळून. “हत्तींना?”

“हत्तींना कशाला? मला काय हत्तीशी संसार करायचाय?”

“मग कशाला, राजश्री?”

आई माझ्याकडं बघेल असं मला वाटलं. तिनं बघितलं नाही. ती सरळ त्यांच्याकडं बघत होती, एका डोळ्यानं.

“अहो, तीन वर्षं झाली,” ती म्हणाली. “तुम्ही तिकडं काय खाता, कुणाशी बोलता, कशाला हसता, मला काही माहीत नाही. फोनवर दहा मिनिटं बोलतो आपण, त्यातली आठ हिच्या शाळेची. तिथं विमानातून उतरल्यावर समोर कोण उभं असेल, त्याची मला भीती वाटते. आणि त्या माणसाला मी कशी दिसेन, त्याची.”

मी मान खाली घातली. सतरंजीच्या दशांशी खेळायला लागले. हे माझ्यासमोर बोलायचं नव्हतं, पण आता ते बोलून झालं होतं.

पंखा फिरत राहिला.

“मी दोनदा दाढी वाढवली आणि दोनदा काढली,” पप्पा म्हणाले. “तुम्ही उतराल तेव्हा ओळखायला कसं बरं पडेल म्हणून.”

आईनं मोबाईल जरा जवळ ओढला.

“आणि तो डोंगर,” पप्पा म्हणाले. ते थांबले, घसा साफ केला. “तो डोंगर मी पहिल्याच दिवशी उगाच नाही ठेवला. हत्ती बघत असताना माणसाला बोलावं लागत नाही. घरी गेलो असतो, तर आपण तिघं समोरासमोर बसणार, आणि मग मी बोलू काय?”

आईच्या तोंडातून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं ती रडली. ती हसली होती, आणि सुजलेला गाल दुखला म्हणून तिनं तो धरला होता.

“तिकिटं काढा,” ती म्हणाली. “पण डोंगर मागं ढकला. दोन दिवस घरी बसायचं. मी स्वयंपाक करीन, तुम्ही नुसतं समोर बसा. नाही सुचलं तर नका बोलू. मग कुठल्या गुहेत न्यायचं तिथं न्या.”

“आणि गुहेत घाबरलीस तर?”

“तर सांगेन, की मी घाबरले.”

मग ती माझ्याकडं वळली. “स्वरा, तू जरा बाहेर जा.”

एरवी मला कुणी बाहेर जा म्हटलं की मी दहा प्रश्न विचारते. त्या दिवशी मी उठले आणि दार ओढून घेतलं. लांब मात्र गेले नाही. आत बराच वेळ काहीच ऐकू येत नव्हतं, आणि मी घाबरले, की आता दोघांनाही काही सुचणार नाही आणि कोणीतरी फोन ठेवून देईल.

मग आईचा आवाज आला, नवख्या माणसाशी बोलावं तसा, जरा अवघडलेला.

“बरं, सांगा. सकाळी उठल्यावर आधी काय करता?”